साठ हर्ट्झचा माणूस

बदलीचा हुकूम आला तेव्हा मोरिओ निशिवाकींनी घरातल्या तीन वस्तू टोकियोला न्यायच्या ठरवल्या: थंडीचा कोट, भाताचा छोटा कुकर आणि जुना कॉम्प्युटर. पहिल्या दोन वस्तूंनी त्यांना काडीचाही त्रास दिला नाही. (कुकरला तशी संधीच मिळाली नाही, तो तीन महिने पिशवीतच होता.) तिसऱ्या वस्तूने मात्र असं काही केलं, की शेवटी त्यांच्या बायकोला ओसाकाहून गाडी पकडून यावं लागलं.

निशिवाकी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत उपविभागप्रमुख होते. वय बावन्न. कंपनी म्हणाली, तीन वर्षं टोकियोची शाखा सांभाळा. मुलगी चिनात्सु अकरावीत, तेव्हा बिऱ्हाड हलवायचा प्रश्नच नव्हता. सावाकोने, म्हणजे त्यांच्या बायकोने, चहा गाळता गाळता निकाल दिला, "तुम्ही जा. आम्ही राहतो." माणसाला इतक्या झटकन निरोप द्यावा का, यावर निशिवाकींनी अर्धा प्रवासभर विचार केला. उरलेला अर्धा प्रवास त्यांनी तिने दिलेला डबा खाण्यात घालवला.

टोकियोत त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं. वाकडं असायला आधी बोलणं व्हावं लागतं. ओसाकात सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभं राहतात, टोकियोत डाव्या. निशिवाकी सवयीने उजवीकडे उभे राहत आणि मागची माणसं खोकत. दोन महिन्यांत परक्या माणसांनी त्यांच्याशी साधलेला संवाद म्हणजे हा खोकला. ऑफिसात त्यांनी सुरुवातीला दोनचार विनोद करून पाहिले. ओसाकात यावर पलीकडच्या टेबलावरून उत्तर आलं असतं. इथे सगळ्यांनी ते लिहून घ्यायचं आहे की काय अशा चेहऱ्याने ऐकलं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जेवणाचा डबा घेताना तिथली मुलगी विचारायची, "गरम करून देऊ?" निशिवाकी म्हणायचे, "हो." दिवसाचं बोलणं तिथे संपायचं.

म्हणून त्या जुन्या कॉम्प्युटरला एवढी किंमत होती. रोज साडेसात वाजता ते तो चालू करत. तिकडे सावाको आपला लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, वर्षानुवर्षं निशिवाकी जिथे बसत आले त्याच जागी, सोया सॉसच्या बाटलीला टेकवून ठेवी. मग तिघं एकत्र जेवत. म्हणजे त्या दोघी जेवत आणि निशिवाकी त्यांच्याकडे बघत गार भात खात. पण टेबलावरची जागा त्यांची होती. माणूस तीन वर्षं परगावी राहू शकतो, घरात त्याची जागा राखलेली असली म्हणजे झालं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी चिनात्सु गणिताच्या मास्तरांची नक्कल करत होती. मास्तर फळ्याकडे वळले आणि इकडे कॉम्प्युटरमध्ये 'फट्' झालं. पडदा काळा. मागच्या जाळीतून मासळी करपल्यासारखा वास आला. निशिवाकींनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग कॉम्प्युटरच्या पाठीवर हलकेच थोपटलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्यांचा फोन अजून जुन्या पद्धतीचा, घडी घालून मिटायचा होता. त्यावर बोलता येई, बघता येत नसे.

"मेला," त्यांनी बायकोला कळवलं.

"कोण?" सावाको ओरडली.

"कॉम्प्युटर. आतला पॉवर सप्लाय गेला बहुतेक. मला वाटलंच होतं. इथली वीज त्याला मानवली नाही."

आता ही समजूत काही त्यांनी स्वतः शोधून काढलेली नव्हती. ओसाकात वीज साठ हर्ट्झची आणि टोकियोत पन्नासची, हे तिकडचं पोरगंही सांगेल. निशिवाकींच्या एका काकांनी पूर्वी ओसाकाचं विजेचं घड्याळ टोकियोला नेलं होतं. ते तासाला दहा मिनिटं मागे पडू लागलं आणि काका स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा पोचले. मुलीकडच्यांनी तोवर जेवून घेतलं होतं. ही गोष्ट ऐकतच निशिवाकी लहानाचे मोठे झाले. त्यामुळे शनिवारी दुपारी आकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात, सुट्या वायरी विकणाऱ्या दुकानाच्या वर, एका बोळवजा दुकानात शिरून त्यांनी ठामपणे सांगितलं, "पन्नास हर्ट्झवर चालणारा पॉवर सप्लाय द्या."

गल्ल्यावर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. नाव हात्सुए. त्यांनी चष्मा नाकावर ओढला. "म्हणजे कसा?"

"माझा कॉम्प्युटर ओसाकाचा आहे. साठवर वाढलेला. इथे पन्नासवर त्याने जीव सोडला."

हात्सुएबाईंनी फळीवरून एक खोकं काढलं, उलटं केलं आणि लेबलावर बोट ठेवलं. "वाचा."

"शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट. पन्नास ते साठ हर्ट्झ."

"म्हणजे याला कुठेही न्या, हा कुरकुर करत नाही. भिंतीतून येईल ती वीज घ्यायची आणि कॉम्प्युटरला पचेल अशी करून द्यायची, हेच याचं काम. तुमचा केवढा होता?"

"अकरा वर्षांचा."

"मग म्हातारपणाने गेला. टोकियोवर आळ घेऊ नका, साहेब." त्यांनी निशिवाकींना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पन्नासवर चालत नाहीये तो दुसराच कुणीतरी दिसतोय."

निशिवाकींना हसू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांची चेष्टा केली होती.

"मग सगळ्यात मोठा द्या," ते म्हणाले. "हजार वॅटचा आहे ना तो." मग त्यांना शंका आली. "पण हजार वॅट म्हणजे... माझ्या खोलीत हीटर आणि ओव्हन एकदम लावला तरी मेन स्विच पडतो. हा लावला तर मला अंधारात कुडकुडत बसावं लागेल."

"हजारचा आहे म्हणजे तो हजार ओढतोच असं नाही. हजारापर्यंत देऊ शकतो. तुम्ही किती वाट्या भात खाऊ शकता?"

"तीन."

"रोज तीन खाता?"

"एकटा असलो की एकसुद्धा जात नाही."

"तसंच याचं," हात्सुएबाई जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "कॉम्प्युटर मागेल तेवढंच हा देतो. तुमचा किती मागतो ते बघावं लागेल. आत वेगळं ग्राफिक कार्ड आहे का? पेटीत जागा किती? माहीत नाही ना? मापं घेऊन पुढच्या शनिवारी या."

जिना उतरल्यावर निशिवाकींनी घड्याळ पाहिलं. ते पस्तीस मिनिटं बोलत होते! स्टेशनवर सरकत्या जिन्यावर ते उजवीकडे उभे राहिले, मागून कुणीतरी खोकलं, तर त्यांनी वळून हसत नमस्कार केला.

पुढच्या शनिवारी ते मापं घेऊन गेले. त्या शनिवारी त्यांना कळलं की काही पॉवर सप्लायवर 'सोनेरी' लिहिलेलं असतं आणि काहींवर 'कांस्य'.

"आत सोनं असतं?"

"नुसतं नाव. शंभर वॅट घेऊन नव्वदच्या आसपास कामाला लावतो तो सोनेरी. पंच्याऐंशीच्या आसपास लावतो तो कांस्य. बाकीची नुसती गरमी होऊन जाते."

"मग आमच्या ऑफिसात कांस्यसुद्धा कुणी नाही," निशिवाकी म्हणाले, आणि हात्सुएबाई हसल्या. मोठ्याने, दात दिसेपर्यंत. निशिवाकी परतीच्या गाडीत ते हसू आठवत बसले आणि एक स्टेशन पुढे गेले.

खरेदी राहिली. बाई म्हणाल्या, मदरबोर्डला जाणारी जुनी जोडणी किती पिनांची आहे ते मोजून आणा.

तिसऱ्या शनिवारी मोजणी घेऊन गेले. त्या दिवशी कपॅसिटरवर, म्हणजे आतल्या वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांवर चर्चा झाली. एकशे पाच अंश उष्णता सोसणारे आणि पंच्याऐंशीच सोसणारे असे दोन पंथ असतात आणि स्वस्तातल्या मालात दुसरा पंथ भरलेला असतो, हे ज्ञान त्यांनी मिळवलं. बदल्यात त्यांनीही ज्ञान दिलं. पॉवर सप्लायमधलं त्यांना ओ की ठो कळत नसलं तरी खोक्यातलं सगळं कळत होतं. "याचा पुठ्ठा पाचपदरी आहे. हा बघा, इथे कडेला दिसतं. आणि हा तीनपदरी. ज्याला आपल्या मालाची कदर असते तो तीनपदरी खोकं वापरत नाही." हात्सुएबाईंनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून ती कड पाहिली. तीस वर्षांत सावाकोने एकदाही पुठ्ठ्याची कड पाहिली नव्हती.

आता खरं सांगायचं तर चौथ्या शनिवारी निशिवाकींना काय घ्यायचं ते पक्कं माहीत होतं. साडेपाचशे वॅट, सोनेरी, मोठ्या पंख्याचा, नको त्या वायरी काढून ठेवता येतील असा. डोळे मिटून फळीवरून उचलला असता. पण तो उचलला की पैसे द्यायचे, पावती घ्यायची, 'धन्यवाद' म्हणायचं आणि जिना उतरायचा. मग पुढच्या शनिवारी कुठल्या तोंडाने यायचं? म्हणून त्यांनी ऑफिसच्या कागदावर शंका लिहून काढायला सुरुवात केली. आठवडाभर ते शंका जमवत. ऑफिसातली माणसं बघत, की बुवा हल्ली भारी काम करतो.

तिकडे साडेसातला ओसाकात टेबल मांडलं जाई आणि निशिवाकींचा पत्ता नसे. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ओसाकाची ती जागा आपलीच आहे, ती कुठे पळून जात नाही, असं ते मनाला समजावत.

फोनवर सावाको विचारी, "घेतला?"

"नाही. कपॅसिटरचा प्रश्न आहे."

"कसला?"

"तुला नाही कळायचं. हात्सुएबाई म्हणाल्या की घाई करू नये."

दोन दिवसांनी: "घेतला?"

"हात्सुएबाईंच्या मते जुन्या वायरी नव्याला अजिबात जोडू नयेत. टोकं सारखी दिसतात, पण आतली जोडणी वेगळी. एका माणसाने जोडली, त्याचं सगळं जळलं."

"अस्सं. आणि हात्सुएबाईंच्या मते थंडीत मफलर घालावा का?"

"हो, तेही म्हणाल्या," निशिवाकी भाबडेपणाने बोलून गेले.

मग सावाको गोड आवाजात म्हणाली, "दुकान कुठेशी आहे म्हणालात?" तीस वर्षांच्या संसारात तिचा आवाज गोड झाला की निशिवाकींना घाम फुटे. या वेळी मात्र त्यांनी पत्ता अगदी जिन्याच्या पायऱ्यांसकट सांगितला.

पाचव्या शनिवारी अकरा शंकांचा कागद खिशात घालून ते जिना चढले, तर वरून हसण्याचा गडगडाट ऐकू आला. दुकानातल्या एकुलत्या स्टुलावर, गिऱ्हाइकाच्या, म्हणजे त्यांच्या स्टुलावर, सावाको बसली होती. हातात चहा. समोर हात्सुएबाई डोळे पुसत होत्या. आणि दोघी अस्सल ओसाकाच्या ठेक्यात बोलत होत्या.

"आलात?" सावाको म्हणाली. "या. अहो, या आपल्या ओसाकाशेजारच्या साकाईच्या आहेत! माझ्या मावशीच्या दोन गल्ल्या पलीकडे!"

निशिवाकी बघतच राहिले. चार शनिवार ज्या बाई टोकियोची घासूनपुसून भाषा बोलत होत्या त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली की हो लग्न होऊन इकडे येऊन. नवरा गेला, दुकान मागे राहिलं. आता लोक घरबसल्या माल मागवतात. या जिन्यावर कुत्रं फिरकत नाही."

"मला का नाही सांगितलंत ओसाकाच्या म्हणून?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही आपलं पॉवर सप्लाय, पॉवर सप्लाय."

सावाकोचं लक्ष त्यांच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे गेलं. तिने तो ओढला. नको नको म्हणेपर्यंत तिने मोठ्याने वाचायलाही सुरुवात केली. "एक. पंखा वर करून बसवावा की खाली? दोन. गॅरंटी पाच वर्षांची असेल तर सहाव्या वर्षी काय होतं? ...नऊ. शनिवारी दुकान किती वाजता बंद होतं? दहा. तुम्ही जेवता कुठे? अकरा." इथे ती अडखळली. "अकरा. दिवसभर कुणी आलं नाही तर तुम्ही काय करता?"

निशिवाकींचे कान लाल झाले होते. सावाको ओरडेल असं त्यांना वाटलं. तिने कागदाची घडी घातली.

"एवढं बोलायचं होतं," ती हळू म्हणाली, "तर मला नाही का फोन करायचा?"

"करतो की. तू विचारतेस, घेतला? मी म्हणतो, नाही. तू ठेवतेस."

सावाकोने नवऱ्याचा मफलर उगाचच सारखा केला.

हात्सुएबाई खाकरल्या. वाकून त्यांनी गल्ल्याखालून एक खोकं काढलं. पाचपदरी. वर पेन्सिलीने लिहिलं होतं: निशिवाकी. "पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुठला लागणार ते लगेच कळलं होतं. मापं, पिना... ते सगळं मीच उगाच. म्हटलं, पुढच्या शनिवारी येईल तरी कुणीतरी."

एवढं झाल्यावर दुसऱ्या कुणी डोळ्याला रुमाल लावला असता. सावाकोने विचारलं, "किंमत कमी किती करणार?"

"अगं, टोकियोत असं विचारत नाहीत!" निशिवाकी कळवळले.

"तुम्ही गप्प बसा. बाई, भाव साकाईचा लावणार, का टोकियोचा?"

दहा मिनिटांत सौदा झाला. चार आठवडे अडलेलं काम दहा मिनिटांत! वर एक वायर बांधायची पट्टी फुकट. दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले. निशिवाकींकडे हात्सुएबाईंचा नंबर नव्हता. मागायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

खोलीवर जाऊन सावाकोने आधी पिशवीतला कुकर बाहेर काढला, भात लावला आणि मग हातात बॅटरी धरून नवऱ्याच्या डोक्यावर उभी राहिली. निशिवाकींनी चार स्क्रू काढले. जुना पॉवर सप्लाय निघाला. एक जुनी वायर छान चिकटून बसलेली होती, ती राहू द्यावी असं त्यांच्या मनात आलं. सावाकोने हातावर फटका मारला. "हात्सुए काय म्हणाली? जुनी वायर नव्याला नाही." (चार आठवडे धडे त्यांनी घेतले होते, परीक्षेत पास ती होत होती.) बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. पंखा फिरतोय की नाही ते हात लावून पाहावं लागलं, इतका शांत.

"राहा ना आजचा दिवस," निशिवाकी म्हणाले.

"चिनात्सु एकटी आहे. आणि आता झालं ना सगळं सुरू? उद्या साडेसातला भेटूच." ती साडेपाचच्या गाडीने गेली. कुकरमध्ये तीन वाट्या भात होता. निशिवाकींनी पहिल्यांदाच दोन खाल्ल्या.

रविवारी त्यांनी सात वाजल्यापासून कॉम्प्युटर लावून ठेवला. साडेसातला पडद्यावर ओसाकाचं स्वयंपाकघर उजळलं. चिनात्सुने हात हलवला. सावाको कानाला फोन लावून खिदळत होती.

"एक मिनिट हं, अहो. हात्सुएचा फोन आहे."

ते एक मिनिट चाळीस मिनिटं चाललं. सोमवारीही तसंच. मंगळवारी निशिवाकींनी विचारलं, "एवढं काय बोलता गं दोघी?"

"अहो, किती बोलकी आहे ती! तुमच्यामुळे मैत्रीण मिळाली बघा मला. शनिवारी दुकान बंद ठेवून येतेय आपल्याकडे. चार वर्षांत ओसाकाला फिरकली नाहीये बिचारी. टेबलावर तवा मांडून ताकोयाकीचे गोळे करणार आहे."

"शनिवारी? मग मी..."

"तुम्हीही या की. साडेसातला. नेहमीसारखे."

शनिवारी दुपारी निशिवाकींना कुठेच जायचं नव्हतं. ते खोलीत बसून राहिले. साडेसातला त्यांनी कंगव्याने भांग पाडला आणि कॉम्प्युटर लावला. आधी त्यांना काही समजेना. दृश्य उंचावरून दिसत होतं. खाली तीन डोकी, मध्ये तवा, वाफ. त्यांच्या जागेवर, त्यांच्या बसायच्या गादीवर, हात्सुएबाई बसल्या होत्या.

"मी कुठे आहे?" निशिवाकींनी विचारलं.

"फ्रिजवर!" चिनात्सु म्हणाली. "टेबलावर जागाच नाही, बाबा. तवा केवढा आहे बघा."

"दिसतंय ना सगळं?" सावाकोने मान वर न करता विचारलं. "तिथून जास्त चांगलं दिसत असेल."

हात्सुएबाईंनी मात्र वर पाहिलं. "कसा चालतोय हो? आवाज, वास, काही त्रास?"

काहीतरी सांगावं, निदान एखादी शंका तरी काढावी, असं निशिवाकींना फार वाटलं. पण खोटं बोलायचा त्यांना सराव नव्हता. "नाही," ते म्हणाले, "उत्तम चालतोय."

"मग झालं तर," हात्सुएबाई म्हणाल्या आणि तव्याकडे वळल्या.

खाली कुणीतरी काहीतरी बोललं, तिघी हसल्या. निशिवाकीही हसले, जरा उशिरा. मग चिनात्सु उठून आली. "बाबा, एक सेकंद, मेयोनेझ काढायचंय," असं म्हणून तिने लॅपटॉप बाजूला वळवला, फ्रिज उघडला, बंद केला आणि परत जाऊन बसली. लॅपटॉप सरळ करायचं राहिलं. आता निशिवाकींसमोर स्वयंपाकघराची भिंत होती. भिंतीच्या अलीकडून हसणं ऐकू येत होतं. त्यांनी दोनदा हाक मारली, पण तव्याच्या चर्रर्र आवाजात ती कुणाला ऐकू गेली नाही.

स्वतःहून बंद करणं बरं दिसलं नसतं. म्हणून निशिवाकी भिंतीकडे बघत गार भात खात राहिले आणि हा पॉवर सप्लाय आता आपोआप बंद पडावा अशी देवाची करुणा भाकू लागले. पण माल चोख होता. तो दोन तास एकदाही अडखळला नाही, आणि त्याची अजून चार वर्षं अकरा महिने तीन आठवडे गॅरंटी होती.